माह्या मशीनवर तं चालते!

वैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून, बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर माझ्या मोठ्या नणंदेइतकं आनंदी होणारं माणूस दुसरं सापडणार नाही. यंत्र अडलं की लोक कपाळाला हात लावतात. हिच्या चेहऱ्यावर चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचं तेज चढतं. ब्रह्मपुरीच्या घरातल्या पुढच्या खोलीत बसून ती दुकानांसाठी, धान गिरण्यांसाठी, वाचनालयांसाठी प्रोग्राम लिहिते. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बसतील आणि इंटरनेटशिवाय चालतील असे. इंटरनेटशिवाय का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "वहिनी, आपल्याकडं वारा आला तं नेट जाते, ढग आले तं नेट जाते, अन् दोन्ही नाई आले तं लाईन जाते. गिऱ्हाइकानं काय आभाळाकडं पाहून बिल बनवाचं?" हे सांगतानाही ती इतकी खुशीत होती की वारा, ढग आणि लाईन हे तिघे जणू तिचे भागीदारच असावेत.

माझी आणि तिची पहिली भेट झाली ती मला बघायला सासरची मंडळी नागपूरला आली तेव्हा. सगळे पोहे खात होते, सासूबाई मला शिक्षण विचारत होत्या, आणि ही कोपऱ्यातल्या माझ्या वडिलांच्या कॉम्प्युटरकडे टक लावून बसली होती. त्यावर गेले कित्येक दिवस एक चौकोन उमटायचा आणि बाबा तो न वाचता बंद करायचे. ती उठली, चौकोन पुन्हा आणला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवला. सासूबाईंचा प्रश्न अर्ध्यावर राहिला. फाईल दुसरीकडे उघडी आहे म्हणून जतन होत नाही, एवढंच त्यात लिहिलं होतं. "काका, हा बिचारा रोज सांगून राह्यला का दार कोणीतरी उघडं ठेवलं आहे, अन् तुमी त्याच्याच तोंडावर दार लावता!" असं म्हणून तिने मागे लपलेली खिडकी शोधली, बंद केली आणि टाळी वाजवली. मग तासभर ती तिथून हललीच नाही. निघताना सासूबाईंनी हळूच विचारलं, मुलगी कशी वाटली? "लय चांगलं घर आहे," ती म्हणाली, "नीट बॅकअप घेतेत." माझ्याकडे तिने पहिल्यांदा पाहिलं ते थेट लग्नाच्या दिवशी.

त्या लग्नातही ती स्वस्थ बसली नाही. पंगत अडकली होती. भात वाढणारा माणूस प्रत्येक वेळी भात संपला की स्वतःच मागच्या अंगणात जाऊन पातेलं भरून आणायचा, आणि तोवर ओळीतले लोक पत्रावळीकडे बघत बसायचे. नणंदबाई पाहुण्यांमधून उठली, पदर खोचला, दोन जण मागून भात आणायला लावले आणि वाढप्याला दम भरला, "तू जागेवरून हालाचं नाई! तुह्यं काम लोकायले तोंड दाखवाचं." पंगत झरझर पुढे सरकली. मग हातातली पत्रावळ तशीच धरून ती मला, म्हणजे नव्या नवरीला, समजावायला लागली. प्रोग्राम 'हँग' होतो तो अगदी असाच. पडद्यावर माणसाशी बोलणारा जो भाग असतो, त्यालाच जर मोठी फाईल आणायला पिटाळलं, तर माणूस बटण दाबत राहतो आणि समोरून कोणी ओ देत नाही. जड काम मागच्या अंगणात, बोलणारा दारात. गळ्यात हार, कपाळावर मुंडावळ्या आणि डोक्यात हे ज्ञान घेऊन मी संसारात पाऊल टाकलं.

मराठी अक्षरांवर तिचा विशेष जीव. एका गावातल्या सत्कार समारंभाची प्रमाणपत्रं कुणा दुसऱ्याच्या प्रोग्राममधून छापली होती, आणि सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली होती. निवेदक बापडा घाबरून "श्री. प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह यांनी मंचावर यावे" असं वाचून मोकळा झाला आणि तीन म्हातारे एकदम उठून उभे राहिले. मंडपात हसून हसून लोक लोळत होते. ही मात्र रागाने लाल. "मराठी येत नसणाऱ्या खोक्यात मराठी नाव कोंबलं का तो विचारणारच ना, हा कोण हाय म्हणून!" दुसऱ्या दिवशी तिने ती प्रमाणपत्रं नीट छापून त्या तिघांच्या घरी स्वतः नेऊन दिली. त्यांतल्या एकाने ते देव्हाऱ्याशेजारी टांगलं आहे, असं ती अजून सांगते.

पण तिचा खरा संताप राखून ठेवलेला असतो तो एका वाक्यासाठी. चंद्रपूरचा एक हुशार तरुण तिच्यासोबत काम करायला आला होता. गिऱ्हाइकाकडे प्रोग्राम बंद पडला, तर तो फोनवर सहज म्हणाला, "माझ्या मशीनवर तर चालतो." नणंदबाईने फोन हिसकावला. "मंग असं कर, तुही मशीन त्यायले देऊन टाक, अन् तू रिकामा बस!" तिच्या मते हे वाक्य म्हणजे वैद्याने आजाऱ्याला सांगणं, की माझं पोट तर दुखत नाही. त्या तरुणाने नंतर पुण्याला नोकरी धरली. तिथेही कुणी हे वाक्य म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, असं त्याने कळवलं होतं.

आणि मग ती वडशाची सकाळ आली.

आमच्या भागात सुगी संपली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. गावोगाव मंडप पडतात, लेकी माहेरी येतात, जावई येतात, आणि सगळं गाव नाटकाला बसतं. या नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशाला एकाच रस्त्याला ओळीने आहेत. त्यांतल्या एका मंडळीसाठी माझ्या नणंदेने तारखांचा प्रोग्राम लिहिला होता. कोणत्या दिवशी कोणत्या गावात खेळ, ते त्यात दिसायचं. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी मीही तिच्याबरोबर वडशाला बाजाराला गेले होते. तेवढ्यात मंडळीच्या मॅनेजरचा फोन आला. हा गृहस्थ नाटकात खलनायकाची कामं करायचा. पण त्या दिवशी त्याचा आवाज संवाद विंगेत विसरून आलेल्या नटासारखा येत होता.

आम्ही पोचलो तेव्हा कार्यालयातल्या दोन बाकांवर नाटक बोलावणाऱ्या दोन गावांच्या कमिट्या समोरासमोर बसल्या होत्या. दोघांच्या हातात नाटकाची पत्रकं. दोघांवर तारीख एकच, पाच जानेवारी. म्हणजे पुढचाच आठवडा.

"एरर काय आला?" नणंदबाईने हात चोळत विचारलं.

"एररच नाई आला ना ताई!" मॅनेजर रडकुंडीला आला होता. "पाच तारीख रिकामी दिसली, मी दुसऱ्या गावाले देऊन टाकली. आता हे म्हणतेत, आमचं तं दिवाळीच्या आधीच ठरलं होतं."

तिचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बिघडताना न सांगणारा बिघाड तिला अपमानासारखा लागला असावा. तिने पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला, मंडळीच्या सगळ्या तारखा त्यात घेतल्या आणि जानेवारी उघडला. पाच तारखेवर पहिल्या गावाचं नाव स्वच्छ दिसत होतं. रिकामी जागाच नव्हती. ती गोंधळून म्हणाली, "पण माह्या मशीनवर तं चालते!"

बोलली आणि थांबली. स्वतःचंच वाक्य तिच्या कानावर आलं होतं. दोन्ही बाकं तिच्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता ही रडणार. त्याऐवजी तिला हसू फुटलं. इतकं, की मॅनेजरही घाबरून हसला. तिने लॅपटॉप मिटून माझ्या मांडीवर ठेवला, मॅनेजरच्या खुर्चीत बसली आणि त्याच्या कॉम्प्युटरवर एकेक महिना पुढे सरकवू लागली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मे महिन्याच्या एक तारखेला एक खेळ दिसला. पहिल्याच गावाचा.

"मे महिन्यात नाटक?" तिने विचारलं.

"कोण पाह्यन ताई त्या उन्हात! अन् मे मध्ये तं आमचे निम्मे नट तेंदूपत्ता तोडाले जातेत."

"हा कॉम्प्युटर कधी घेतला?"

"दिवाळीत. जुना जळला."

नणंदबाईने टेबलावर अशी थाप मारली की पहिल्या बाकावरचे दोघे उठून उभे राहिले. "पाच-एक!" ती ओरडली. "वहिनी, पाच-एक! यानं पाचवा महिना, एक तारीख वाचलं! अमेरिकेत महिना आधी लिहितेत अन् दिवस मंग. नवीन मशीन तिकडची रीत घेऊन आली, अन् मी प्रोग्राममध्ये मशीनलेच विचारलं होतं, तारीख कशी वाचाची म्हणून. त्यानं त्याच्या गावची रीत सांगतली!" मग एकदम डोळे मोठे करून, "अन् म्हणूनच कोणाले कळलं नाई! बारा तारखेच्या पुढं सगळं बरोबर दिसते, काऊन का तेरावा महिनाच नसते!" तिने मला मिठी मारली. मॅनेजरला मारता येईना, म्हणून त्याच्या कॉम्प्युटरच्या पाठीवर थोपटलं. मला त्यातलं अर्धंच समजलं होतं, पण मीही टाळी वाजवली.

पुढे तिने जेवणसुद्धा केलं नाही. तारीख साठवताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, जगातल्या कुठल्याही मशीनवर नेली तरी एकच अर्थ निघेल अशी. आणि वाचताना मशीनला काही विचारायचंच नाही. दुपारपर्यंत प्रोग्राम दुरुस्त झाला आणि पुढच्या महिन्यातल्या अशाच आणखी काही गाठी आधीच दिसल्या. मॅनेजर एकेका गावाला फोन लावून त्या सोडवत बसला. पण पाच जानेवारीची गाठ तशीच होती. दोन्ही गावांत पाहुणे यायला लागले होते.

मॅनेजर म्हणाला, मशीनची चूक आहे, असं सांगून टाकू. नणंदबाई कमिट्यांसमोर जाऊन उभी राहिली. "मशीनची नाई. चूक माही आहे. पहिल्या गावचं नाटक पहिल्या गावालेच राहीन. दुसऱ्या गावासाठी मी मंडळी शोधतो, थोडा वेळ द्या." आमच्याकडे बायकाही 'शोधतो' म्हणतात, त्या दिवशी त्या शब्दात मला जरा जास्तच जोर ऐकू आला.

ती त्या रस्त्यावरच्या एकेका कार्यालयाची पायरी चढली. मी मागे पिशव्या घेऊन. ऐन हंगामात कोण मोकळं असणार? सगळीकडे नकार. शेवटी टोकाच्या एका कार्यालयात कळलं, की पाच तारखेला त्यांचा खेळ ज्या गावात होता, तिथे पाटलांच्या घरी मयत झाली, खेळ आजच रद्द झाला. ती बातमी ऐकून आनंदाने टाळी वाजवायला निघालेले हात तिने महत्प्रयासाने जोडले आणि "अरेरे" म्हणाली.

दुसऱ्या गावचे प्रमुख, एक पांढऱ्या मिशांचे भाऊ, तयार झाले, पण अट घालून. "पत्रकावर एक नाटक अन् स्टेजवर दुसरं, लोकं आमाले खोटं म्हणतीन. तुमी सोता या बाई, अन् गावाले सांगा."

आणि ती गेली. पाच तारखेच्या संध्याकाळी, पडदा उघडायच्या आधी, भरलेल्या मंडपासमोर माइक हातात धरून उभी राहिली. मी पहिल्या रांगेत जीव मुठीत धरून बसले होते. तिने अमेरिका सांगितली, महिना सांगितला, दिवस सांगितला. मागून एक जण ओरडला, "म्हंजे त्यायची पाच जानेवारी मे मध्ये येते का व बाई?"

"त्यायची नाई भाऊ, आपलीच मे मध्ये गेली होती! मीच धाडली होती! पकडून आणली, आता बसा!"

मंडप असा हसला की तंबूच्या कनाती हलल्या. टाळ्या थांबेनात. पेटीवाल्याने उत्साहात एक तान वाजवून टाकली आणि तिने, काही कारण नसताना, नटीसारखा वाकून नमस्कार केला. नाटक कुठलं झालं ते मला आठवत नाही. मला तिचा चेहरा आठवतो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लोकांना सगळं मोबाईलवर हवं असतं, आणि नणंदबाईंकडे, आता मीही त्यांना ताईच म्हणते, पूर्वीसारखी वर्दळ नसते. परवा एका लग्नासाठी आम्ही दोघी चिमूरला गेलो होतो. आहेराचं भांडं घ्यायला एका दुकानात शिरलो. गल्ल्यावर एक तरुण बाई बिल करत होती. तिच्यासमोरचा पडदा पाहून ताई जागच्या जागी थबकल्या. निळी पट्टी, मोठी मराठी अक्षरं, खाली डाव्या हाताला बटणं. मीसुद्धा ओळखलं. मी काही बोलणार, तोच त्यांनी माझा हात दाबला.

"जुना दिसते हा प्रोग्राम," त्या अगदी परक्यासारख्या म्हणाल्या.

"माझ्या अब्बांच्या वेळचा आहे," ती बाई बिल फाडता फाडता म्हणाली. "सगळे म्हणतात, बदलून टाका. पण काय करणार, हा बंदच पडत नाही."

ताईंनी पडद्याकडे आणखी एकदा डोळे भरून पाहिलं, भांडं उचललं आणि बाहेर आल्या. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी पदराने भांडं पुसलं. मग म्हणाल्या, "वहिनी, एवढं चांगलं लिहाले नाई पाह्यजे होतं. कधी बंद पडला असता, तं कोणी बोलावलं असतं." आणि स्वतःच हसल्या. मीही हसले. मग उन्हातून आम्ही दोघी मंडपाकडे चालू लागलो. भांडं त्यांनी माझ्याकडे दिलं नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.