फोनमधली पोरगी

शाळेत मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. दहावीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा आला की "सोपा आहे, घरून वाचून या," असं सांगून मी दरवर्षी पुढच्या पाठाकडे वळत असे. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी मिहान या आयटी वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीनं मला बोलावलं, ते लैंगिक आरोग्यावर सोप्या मराठीत लिहायला. माझं नाव एका जुन्या विद्यार्थिनीनं सुचवलं होतं. तिचं बहुधा वर्गात लक्ष नसावं.

काम असं होतं. लोकांनी मोबाइलवर प्रश्न विचारायचा, लिहून किंवा बोलून. आम्ही तयार ठेवलेल्या उत्तरांतलं योग्य ते उत्तर मशीननं निवडून वाचून दाखवायचं. नाव-गाव काही विचारायचं नाही. वैद्यकीय मजकूर एक डॉक्टरीणबाई तपासायच्या, भाषा माझी.

मी झोकात सुरुवात केली. 'योनिमार्गातील स्राव', 'जननेंद्रियांची स्वच्छता', सगळं शुद्ध. पहिल्या महिन्यात मशीननं बहुतेकांना एकच उत्तर दिलं: "माफ करा, प्रश्न समजला नाही." कारण लोक विचारत होते, "मले खाली खाजवून राहिलं, काय करू?" मशीनला माझंच मराठी येत होतं, आणि माझ्या मराठीत कोणालाच दुखत-खुपत नव्हतं.

मग दर सोमवारी न समजलेले प्रश्न मोठ्या पडद्यावर लावायचे आणि मी ते वाचून अर्थ सांगायचा, असं ठरलं. समोर माझ्या मुलांच्या वयाची नऊ माणसं. पहिल्या सोमवारी मी सगळे प्रश्न एसीकडे बघत वाचले. तिसऱ्या सोमवारी पुण्याहून आलेल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, अंगावरून जातं म्हणजे नक्की काय जातं?" मी मार्कर घेऊन उठले. पांढरं जाणं, लाल जाणं, त्यातलं कोणतं कधी काळजीचं, हे आकृती काढून सांगितलं. सत्तावीस वर्षांचा राहिलेला धडा तासाभरात संपला. त्यांनी वह्यांत लिहूनही घेतलं.

आवाज मात्र माझा नको म्हणाले. चाचणीत तो ऐकणाऱ्या बायकांना आता ओरडा बसणार असं वाटलं होतं. शेवटी ऑफिसातल्याच एका तेवीस वर्षांच्या मुलीनं मी सोप्या शब्दांत पुन्हा लिहिलेली उत्तरं वाचली.

घरी मी 'आरोग्यविषयक भाषांतर' करते असं सांगितलं होतं. आमचे हे शेजाऱ्यांना "ती आता आयटीत आहे" असं सांगत, आणि मी ते दुरुस्त करत नसे.

माझी धाकटी जाऊ कोराडीच्या वसाहतीत राहते; दीर तिथल्या वीज केंद्रात आहेत. महिन्यातून दोन रविवार ती दोघं आमच्याकडे जेवायला येतात. अशाच एका रविवारी मी पाटोडीच्या रश्श्याला फोडणी देत होते. जाऊ आत आली, तिनं दार लोटलं, गॅस बारीक केला आणि माझ्या कानात इयरफोन घातला.

"ताई, हे ऐका. कोणाले सांगू नका."

मी ऐकू लागले. "हा आजार बाईच्या वागण्यामुळे होत नाही. हा संसर्ग आहे, औषधानं बरा होतो. लाजून घरात बसू नका." ही तीन वाक्यं मी चार वेळा खोडून लिहिली होती.

मग तिनं सगळं सांगितलं. आठ महिने तिला खाज होती, पांढरं जात होतं. कोणी उष्णता म्हणालं म्हणून ती सब्जा आणि धन्याचं पाणी पीत राहिली. वसाहतीत आलेल्या आरोग्यसेविकेनं मोबाइलवर हे घालून दिलं, तेव्हा तिनं फोनला विचारलं. फोननं दवाखान्यात जायला सांगितलं, तशी ती एकटीच बसनं शहरात जाऊन आली. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दोघांनाही दिल्या. दीर म्हणाले, मला काही झालं नाही, मी कशाला घेऊ? दोन दिवस ते अडून बसले. तिसऱ्या दिवशी तिनं जेवणानंतर त्यांना फोनमधलं उत्तर ऐकवलं: डॉक्टरांनी दोघांना औषध दिलं असेल, तर नवऱ्याला त्रास नसला तरी ते दोघांनीही घ्यायचं असतं. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि पाणी मागितलं.

"माझं ऐकत नव्हते. त्या पोरीचं ऐकलं," जाऊ म्हणाली. "कोणती डॉक्टरीण आहे कोण जाणे. चांगलं समजावून सांगते बिचारी."

आठ महिन्यांत ती माझ्या स्वयंपाकघरात पंधरा वेळा तरी येऊन गेली होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "तुमाले कसं सांगू? तुमी मास्तरीण."

रश्श्यात मीठ घालायचं माझं तेव्हाच राहिलं. ती मात्र हलकी झाली होती. इयरफोन गुंडाळता गुंडाळता तिनं सहज विचारलं, "ती पोरगी म्हणते, तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या. तुमी केली का?"

वाक्य माझंच होतं. मी एकोणसाठ वर्षांची होते, आणि मी ती तपासणी कधीही केलेली नव्हती. मी वेळ मिळत नाही म्हटलं. ती म्हणाली, मग बुधवारी जाऊ, दोघी.

बुधवारी ती मला घेऊन गेली. 'तपासणीला काही मिनिटंच लागतात, थोडं अवघडल्यासारखं वाटेल, घाबरण्याचं कारण नाही' असं मी लिहिलं होतं. माझं नाव पुकारेपर्यंत मी बाकड्यावर तिचा हात धरून बसले होते. आतलं काम खरंच लवकर आटोपलं. पुढच्या आठवड्यात दोघींचे रिपोर्ट आले, आणि दोघींचेही ठीक निघाले.

ते घेऊन परत येताना ऑटोत मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं की फोनमधलं सगळं मी लिहिते, ती मुलगी नुसती वाचते.

जाऊ इतकी हसली की ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं. "ताई, काहून मस्करी करून राहिल्या? तुमी असं लिहाल?"

मी आवाज खाली आणून तिला एक उत्तर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग माझ्या जरा जवळ सरकून, अगदी मायेनं म्हणाली, "म्हणजे तुमी बी रोज ऐकता."

मी हो म्हटलं.