बाबांचा उजवा, माझा डावा

बाबा भंडाऱ्याहून पुण्याला कारखान्यात नोकरीला आले, तेव्हा सामानात एक ट्रंक आणि एक ढोलकी होती. मांजरी गावातल्या आमच्या बुद्धविहारात तीस-पस्तीस वर्षं बुद्धपौर्णिमेची गाणी त्यांच्याच ढोलकीवर झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, डावा हात काही परत आला नाही.

"विकून टाक," ते म्हणाले. "मले आता काय कामाची?"

विकायची तर आधी नीट करून घ्यावी, म्हणून मी ती कसबा पेठेत न्यायला निघाले. बाबाही हट्टानं रिक्षात बसले. दुकानात साठीच्या एक बाई होत्या. नवऱ्यामागे ढोलक्या मढवायचं काम त्यांनीच चालवलेलं. त्यांनी उजव्या तोंडावरच्या शाईच्या काळ्या गोलावर बोट टेकवलं.

"बरोबर एकाच जागी झिजलीय. हात चांगला आहे. वाजवतं कोण?"

"मी," बाबा म्हणाले. "पण डावा हात गेला."

"उजवा आहे ना?"

"एका हातानं ढोलकी वाजते का, बाई?"

"नाही वाजत. मुलीला सोबत काय ओझं उचलायला आणलंय?"

मला हसू आलं आणि मग कळलं, त्या खरंच म्हणत होत्या.

नवी कातडी चढवून ढोलकी घरी आली, ती विकायची गोष्ट पुन्हा निघालीच नाही. तीन महिने रोज संध्याकाळी आम्ही दोघं ती मध्ये आडवी घेऊन बसायचो. उजवं तोंड त्यांचं, डावं माझं. "घाई काऊन करते? गाणं कुठी पळून चाललं का?" असं ते ओरडायचे. चाळिशीत मी पुन्हा बोलणी खाल्ली.

पौर्णिमेला विहारात पहिल्याच गाण्याला माझा ठेका सुटला. बाबा थांबले नाहीत. उजव्या हातानं एकट्यानं लय धरून राहिले, मी परत सापडेपर्यंत. गाणाऱ्या बायका मागे वळून बघत होत्या. पुढची चार गाणी कशी गेली ते मला कळलंच नाही. बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ते सहावं गाणं मागत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून दुकानात फोन लावला. "बाई, डावी बाजू जरा ढिली करून देता का? पोरीचा हात हलका आहे."

"बाजू तशीच राहू द्या," पलीकडून उत्तर आलं. "हात होईल जड."