नवव्या भागातला माणूस

दूरदर्शनवरची ती जुनी रहस्यमालिका मला तोंडपाठ होती. तेराच्या तेरा भाग, अगदी गुप्तहेर कुठे चहा अर्धा टाकून उठतो तेसुद्धा. आमच्या गावी, नंदाखालला, घरी व्हीसीआर होता, म्हणून सगळे भाग मी कॅसेटवर उतरवले होते. आणि नवव्या भागात दिसला कोण? माझा कळंबचा मित्र, ज्याने मालिका धड पाहिलीही नव्हती.

शूटिंग कळंबच्या किनाऱ्यावर होतं. मीच हौसेने इस्त्रीचा शर्ट घालून त्याला घेऊन गेलो. गुप्तहेराला वाट दाखवायला त्यांना एक गाववाला हवा होता. माझ्या इस्त्रीकडे बघून त्यांनी मान हलवली आणि उसवलेल्या बनियनमधल्या मित्राला उभं केलं. मला म्हणाले, "तुम्ही जरा सायकली धरा." मित्राने सुरूच्या झाडांकडे हात केला, गुप्तहेर तिकडे गेला, संपलं.

मी जळलो. साधासुधा नाही, पार कोळसा झालो. पुढे आम्हा चाहत्यांचं मंडळ जमलं. वर्षातून एका रविवारी माझ्या घरी भजी खात भाग बघायचे. रहस्य उलगडून सांगायचो मी आणि लोक मित्राला म्हणायचे, "तो हात करून दाखव ना!" शेवटी एकदा नवव्या भागावर मी क्रिकेटचा सामना रेकॉर्ड केला. "चुकून पुसला गेला हो," म्हणून सगळ्यांपुढे हळहळलोही.

आता मंडळ ओसरलंय. काही जण गेले, काहींना गुडघे जिना चढू देत नाहीत, आणि पोरांना ती मालिका रटाळ वाटते. बाकीचे बारा भाग कुणीतरी इंटरनेटवर टाकले, नववा कुठेच नाही. यंदा माझ्या विरारच्या फ्लॅटवर एकटा मित्रच आला, कॉलेजातल्या नातीला घेऊन.

"आजोबा टीव्हीवर होते यावर माझा विश्वासच नाही," ती म्हणाली. "ती कॅसेट द्या ना, पुसलेलं परत मिळतं का विचारते."

नाही कसं म्हणणार? कॅसेट काढली.

रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून तेव्हा कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकत. पुन्हा रेकॉर्ड करायचंच असेल, तर त्या भोकावर चिकटपट्टी लावावी लागे. चुकून काही पुसलं जाणं शक्यच नव्हतं. नवव्या भागाच्या कॅसेटचा तुकडा मित्रानेच मोडला होता. पट्टी माझी होती, पिवळी पडून अजून तिथेच होती.

मित्राने तिच्यावरून अंगठा फिरवला.

"ही पट्टी तवाच पायली होती मी," तो म्हणाला. मग नातीकडे वळला, "कॅसेट नाय तं नाय. याला सगला पाठ हाय. सांग रे तिला."

म्हणजे सगळं ठाऊक असून हा दर वर्षी येऊन माझी भजी खात होता. मला त्याच्या या मोठेपणाचाही हेवा वाटला.

मी सांगू लागलो. ओहोटी, गुप्तहेराची मिटलेली छत्री, बनियनची उसवलेली शिवण, वर उचललेला उजवा हात. तो हात थोडा थरथरत होता, हे त्यालाही आठवत नव्हतं. नातीचे डोळे चमकले.

"म्हणजे आजोबा खरंच होते! आणि तुम्ही कुठे आहात त्यात?"

"मी सायकली धरून उभा आहे," मी म्हणालो. "तेवढं दिसत नाही."