पंपहाऊसातली रेल्वे

माजलगाव धरणाचं पाणी सिंदफणा नदीच्या काठाकाठानं जिथवर मागं पसरायचं, तिथं एका सहकारी उपसा सिंचन संस्थेचं पंपहाऊस आहे. त्या दुष्काळी वर्षी पाणी पंपहाऊस सोडून अर्धा कोस आत सरकलं होतं. मधल्या गाळाला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तीन मोठे पंप मुके उभे होते, आणि त्या मुक्यांजवळ दिवसभर बसून राहणं हे पंडित ओव्हाळचं काम होतं.

पंप बंद, मग ऑपरेटर कशाला, असं नवख्याला वाटेल. पण दार उघडं राहिलं तर मोटारीतलं तांबं एका दुपारीत चोरीला जातं. शिवाय परवानाधारक वायरमन हजेरीवर नसला तर विजेची जोडणी तुटते, आणि तुटलेली जोडणी पुन्हा मिळेपर्यंत माणूस म्हातारा होतो. एकशे चाळीस सभासदांत परवाना एकट्या पंडितकडं. म्हणून तो रोज सकाळी त्या पत्र्याखाली जाऊन बसायचा. उंदीरसुद्धा केव्हाच दुसरं गाव बघून गेले होते.

एकदा माजलगावच्या पाशाभाई भंगारवाल्यानं त्याच्या हातात एक खोकं ठेवलं.

"घे बे पंडित. परदेशी खेळणं हाय. चालत न्हाई."

"मग मला कावून देतूस?"

"तुज्या मोटारी तरी कुटं चालत्यात?"

खोक्यात वीतभर लांबीची रेल्वेची दोन इंजिनं होती, एक काळं, एक लाल. सोबत रुळाचे तुकडे आणि गाडीला बाजूच्या रुळावर वळवणारा एक सांधा. पंडितनं बॅटरी लावून पाहिली. ढिम्म. पोट उघडलं तर आत नखाएवढी चिप निघाली. ती कशाची, हे मोबाइलवर शोधता शोधता त्याची पुण्यातल्या एका निवृत्त इंजिनियरसाहेबांशी ओळख झाली. साहेब फोनवर म्हणाले, "रुळात वीज कायम ठेवायची. त्या विजेबरोबरच हुकूम पाठवायचा. प्रत्येक इंजिनाला नंबर असतो. ज्याचा नंबर, त्यानंच ऐकायचं."

पंडितनं कुरिअरनं एक छोटा कंट्रोल बोर्ड मागवला, साहेबांनी पाठवलेला प्रोग्रॅम त्यात भरला आणि पहिल्या पंपाच्या ओट्याभोवती रूळ मांडले. गाळाची धूळ अखंड उडायची. ती रुळावर बसली की वीज तुटायची, म्हणून तो तासातासाला रूळ पुसायचा. सगळं जुळवून त्यानं मोबाइलवर बोट ठेवलं, तर दोन्ही इंजिनं एकदम पळाली. कारखान्यातून निघताना प्रत्येक इंजिनाला तीन हाच नंबर असतो, असं साहेबांनी सांगितलं. मग त्यानं लाल इंजिनाला सात नंबर दिला. पुन्हा दोन्ही पळाली. आठ दिवस तो तारा तपासत राहिला. शेवटी साहेब हसले.

"अहो ओव्हाळ, नंबर देताना दोन्ही रुळावरच होती? मग दोन्ही सात झाली. रुळावर जे उभं आहे ते ऐकणारच. एकाला उचला, वेगळ्या तुकड्यावर ठेवा, तिथं त्याला नंबर द्या."

दुसऱ्या दिवशी काळं इंजिन सांध्यावरून बाजूच्या रुळावर जाऊन थांबलं, आणि लाल त्याच्या अंगावरून वारं जावं तसं निघून गेलं. पंडितनं तेवढंच चित्रीकरण पाठवलं. साहेबांचा निरोप आला: मित्राच्या पुण्यातल्या कारखान्यात संग्रहालयांसाठी अशाच रेल्वे बनतात, एक तारखेला या, जागा तुमची.

घरी सरूबाई म्हणाली, "सायेब या म्हणले, मग तुमी बसलाव कावून?"

"चार्ज कुणाला देऊ?"

"कुलपाला द्या. ते तुमच्यापेक्षा कमी बोलतंय व्हय?" असं म्हणून तिनं नवऱ्याची पिशवी भरायला घेतलीसुद्धा.

पंडित चेअरमनकडं गेला. सुंदरराव गोड बोलणारा माणूस. "मी एकटा सोडणारा कोण? संस्था सगळ्यांची. सभेत मांड. कशापायी चाललास ते लोकांना दाखव, कुणी अडवायचं न्हाई."

वार्षिक सभा पंपहाऊसातच भरली. रेल्वे फिरू लागली तशी माणसं ओट्याभोवती दाटली.

"आमच्या बीडाला रेल्वे येणार येणार म्हणून माजे केस पिकले," म्हातारा सभासद धुळाजी म्हणाला, "आन् ही बया इथं लपून बसली व्हय!"

"मामा, आदी तिकीट काडा."

"म्हाताऱ्याला हाफ हाय का?"

हशा पिकला. पंडित समजावून सांगू लागला. आजवर सभेत त्याला कुणी बोल म्हटलं नव्हतं. आता सगळी सभा त्याच्या बोटाकडं बघत होती. तो बोलला, लई बोलला. मला मोकळं करा, एवढं शेवटी म्हणायचं होतं.

त्याआधीच सुंदररावानं विचारलं, "पंडित, आपल्या पाइपलाइनीवर पाणी सोडायचे बावीस वॉल हायेत. पाणी आलं की बावीस जागी माणूस पळतो आन् बावीस भांडणं व्हत्यात. ह्या इंजिनावानी एका तारेवर बावीस वॉल, ज्याचा नंबर त्योच उघडंल, असं करता येतंय का?"

लांबी फार होती, मातीत तार टिकली नसती, विजा पडल्या असत्या. अडचणी पंडितला सगळ्या ठाऊक होत्या. पण असा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता.

"होतंय की," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. "मग पुण्याला कशाला जातूस बे?" मागून कुणी तरी ओरडलं. सचिव आश्रुबानं इतिवृत्ताची वही उघडून मोठ्यानं वाचत लिहिलं: पंडित ओव्हाळ यांना कामावर कायम ठेवून वॉलची योजना त्यांच्याकडे सोपवावी. सूचक, चेअरमन. अनुमोदक म्हणून जवळ बसलेल्या कुणाचंही नाव घालायची त्या संस्थेची जुनी रीत. आश्रुबाच्या सगळ्यात जवळ पंडितच उभा होता.

"तुजंच टाकतो."

"माज्याच ठरावाला मी?"

"सभासद हायेस ना? नेमात बसतंय."

"विरोधात कोण हाय का?" सुंदररावानं हसत विचारलं.

पंडितचा हात ओट्यावर होता. तो उचलायला दमडीचं बळ लागलं नसतं. सगळी माणसं त्याच्याकडं मायेनं बघत होती. हात उचलला नाही. वही पुढं आली, त्यानं सही केली, आणि सही नेहमीसारखीच सुरेख आली.

सभा पांगली तशी सरूबाई दारात आली.

"सोडलं का?"

"न्हाई."

"कुणी अडवलं?"

"ठरावाखाली नाव हाय."

"कुणाचं?"

"माजं."