शंकरचा आवाज

काल मुलीच्या शाळेच्या मैदानावर फक्की मारत होते. त्या चुन्याच्या वासानं मला तरुणपणीचा एक सामना आठवला.

आमचा कोल्हारचा फुटबॉल संघ जिल्ह्याच्या वरच्या गटात चढला, त्या पहिल्याच हंगामातला शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी आम्ही टिकणार होतो. नगरची पोरं बाहेरून ओरडत होती, "ए कोल्हारकर, उसात जा परत!" मला त्यांचा राग नव्हता. वर चढल्यावर माझ्याऐवजी आमच्या गोलकीपरला, शंकरला, कॅप्टन केलं, तो राग होता.

शेवटच्या मिनिटाला, बरोबरी असताना, चेंडू आमच्या गोलकडे आला. मागून शंकर ओरडला, "सोड, माझा हाय!" मला स्वच्छ ऐकू आलं. त्याचं ऐकायचं नाही म्हणूनच मी पाय घातला, आणि चेंडू आमच्याच जाळीत गेला.

"यानं आवाजच दिला न्हाई," मी सगळ्यांना सांगितलं. आमचीच पोरं त्याच्या अंगावर धावली. आम्ही पुन्हा खालच्या गटात गेलो. खरं काय ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

काल पोरींना गोलकीपिंग शिकवायला शंकरच आला होता. माझ्याकडं बघत तो त्यांना म्हणाला, "आवाज असा द्यायचा, की पुढच्याला 'आवाजच दिला न्हाई' म्हणता येऊ नये."

माझ्या मुलीनं मान डोलावली.