कोंडीराम तात्यांची सोळा इंची चाकं

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं ऐकताना कुणी मला शहाणपण शिकवायला नको. मी अजिनाथ. सोनईहून घोडेगावला जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर, हवा, अलाइनमेंट, जुनी-नवी चाकं, सगळं करतो. बावीस वर्षं याच धंद्यात हात काळे केलेत. त्यामुळं मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कळत होतं, आणि तरी केलं.

कोंडीराम तात्या आमच्याच शिवारात वस्तीवर राहतात. साठीला टेकलेत. पोरवयात कारखान्याला ऊस वाहणाऱ्या बैलगाडीवर होते, छातीएवढ्या लाकडी चाकांची गाडी. पुढं ड्रायव्हिंग शिकले आणि तीस वर्षं दुधाच्या टँकरवर काढली. तीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. बोलायला कमी, पण टापटीप अशी की टँकरच्या केबिनमध्येसुद्धा चपला काढून बसायचे. आम्ही पोरं त्यांना म्हणायचो, "तात्या, टँकर हाय का बुद्धविहार?" तर नुसते हसायचे.

लग्नानंतर चौदा वर्षांनी त्यांना मुलगी झाली, प्रज्ञा. एकुलती एक. त्या वस्तीवरून फार्मसीला गेलेली पहिली पोरगी. बाविसाव्या वर्षी तिच्या पायाला सूज यायला लागली, उलट्या व्हायला लागल्या. घरच्यांना वाटलं पित्त आहे. डॉक्टरनं बीपी बघितला तर त्याला आधी मशीनच बिघडलंय असं वाटलं. दोन्ही किडन्या गेलेल्या. आईची, म्हणजे चांगुणाकाकूंची किडनी जुळेना. तात्यांना शुगर, त्यांची कुणी घेईना. मग उरलं काय, डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार नगरला जायचं. सकाळी सातचा नंबर, चार तास मशीनवर. एक खाडा झाला तर अंगात पाणी भरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतं.

तेवढ्यासाठीच तात्यांनी जुनी छोटी गाडी घेतली. पण वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचे दोन किलोमीटर म्हणजे नरक. उसाच्या हंगामात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्याची अशी चाळण करतात की चाकोरी गुडघाभर खोल जाते. गाडी खाली घासायची, आदळायची. प्रज्ञाच्या मानेत डायलिसिसची नळी टाकलेली. प्रत्येक दणक्याला ती मानेवर हात धरायची आणि तात्या पुढं बसून स्वतःलाच शिव्या घालायचे.

ऑक्टोबरात एक दिवस दुकानात आले. म्हणाले, "अजिनाथ, गाडीला मोठी चाकं बसव."

"कशाला तात्या? कंपनीची हायेत तीच बरी."

"आरं, लाकडी गाडीचं चाक क्येवढं हुतं? खड्डा आला तरी वरच्यावर जायचं. मग बारक्या चाकाच्या टायरगाड्या आल्या आन् बैलं गुडघ्यावर यायला लागली. चाक मोठं तर खड्डा बारका. साधं गनित हाय."

गणित अर्धं बरोबर होतं, म्हणूनच घात झाला. लाकडी चाक नुसतंच मोठं असतं. गाडीच्या चाकात दणका खातं ते रबर. तात्यांच्या मूळ चाकाची रिंग तेरा इंची, पण तिच्यावर चांगलं गुबगुबीत रबर. माझ्या दुकानात एक सेट पडून होता, एका बागायतदाराच्या पोरानं, रविराजनं, हौस फिटल्यावर काढून टाकलेला. सोळा इंची अलॉयच्या रिंगा, रुंद टायर, आणि रबर चपटं. चाक मोठं दिसतं ते रिंगेमुळं. खड्ड्याचा दणका सरळ रिंगेतून माणसात येतो. गादी काढून पलंग मोठा केल्यासारखं काम.

हे सगळं मला तेव्हाच माहीत होतं. पण वर्षभर तो सेट दुकानात धूळ खात होता, आणि समोर तात्या त्या चाकावर लहान पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होते. मी एवढंच म्हणालो, "जरा घासतील हां, तात्या." ते म्हणाले, "घासू दे." मी बसवून टाकली. बदल्यात त्यांची जुनी चार चाकं ठेवून घेतली. स्टेपनी तेवढी जुनीच, तेरा इंची, डिकीत राहिली.

संध्याकाळी ते प्रज्ञाला मुद्दाम दाखवायला घेऊन आले. ती हसून म्हणाली, "आबा, नवरदेवाची गाडी केलीत की. आता नवरदेव तेवढा बघायचा राहिला." तात्यांचं तोंड त्या दिवशी जसं फुललं होतं, तसं मी नंतर कधी बघितलं नाही.

मग तक्रारी सुरू झाल्या. गाडी बोटभर उंच झाली खरी, पण स्टेअरिंग इतकं जड झालं की वळवताना तात्यांचे खांदे भरून यायचे. चाकं जड, त्यामुळं नगरच्या वाटेवरचा इमामपूरचा घाट चढताना गाडी धापा टाकायची आणि उतरताना ब्रेक उशिरा लागायचा. काटा साठ दाखवायचा तेव्हा गाडी साठच्या वर पळत असायची. पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला आतून घासायचं. तात्या विचारायचे, "आसं का हुतंय रं?" आणि मी म्हणायचो, "नवीन हाय, बसंल हळूहळू." चाक काय नवी सून आहे, बसायला? पण मी म्हणालो. आणि मडगार्डची आतली कड हातोडीनं ठोकून दुमडून दिली. तीही घाईत. कड धारदार राहिली.

जानेवारीत मला नगरला काम होतं, त्यांच्याच गाडीत बसलो. मी मागं, प्रज्ञाशेजारी. वस्तीचा रस्ता सुरू झाला आणि मी बघतच राहिलो. पोरीनं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं, पाय पुढच्या सीटला रोवलेले, अंग सीटवरून अधांतरी उचललेलं. दणका बसला की डोळे मिटायची. ओठ दाताखाली. आणि तात्या पुढून दर खड्ड्याला विचारायचे, "प्रज्ञा, बरं हाय ना?"

"बरं आहे आबा. पहिल्यापेक्षा लई बरं."

हॉस्पिटलपाशी तात्या गाडी लावायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही बघितलंत. आबांना बोलू नका."

"अगं पण का? आत्ता सांगतो, उद्या काढतो चाकं."

"नका. रोज झोपताना विचारतात, चाकांनी फरक पडला ना गं म्हणून. किडनी द्यायला निघाले होते, ती कुणी घेतली नाही. आता त्यांच्याकडून मला देण्यासारखं एवढंच झालंय. तेवढं राहू द्या."

खरं तर बोलायला पाहिजे होतं. पण मला लाज वाटते सांगायला, त्या क्षणी मला हायसं वाटलं. माझं पाप पोरीनंच पदराखाली घेतलं होतं. मी गप्प बसलो.

फेब्रुवारीतला एक सोमवार. शुक्रवारनंतर मधे दोन दिवस जातात, म्हणून सोमवार सगळ्यात वाईट. त्यात रविवारी तिला तहान सहन झाली नाही, दीड ग्लास पाणी जास्त गेलं. पहाटेपासून धाप लागलेली. साडेपाचला गाडी निघाली. वस्तीच्या रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली. तात्यांनी गाडी पूर्ण वळवून कडेला घेतली, चाक खड्ड्यात दबलं, आणि मी दुमडलेल्या त्या कडेनं पुढचं टायर सुरीनं कापावं तसं कापलं.

मला फोन आला. तात्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "अजिनाथ, स्टेपनीला नट बसत न्हाईत रं. बसतच न्हाईत."

बसणार कसे? अलॉयचे नट वेगळे, जुन्या लोखंडी रिंगेचे वेगळे. जुने नट माझ्या दुकानात डब्यात. त्यांच्या गाडीत चार टाकून ठेवायची अक्कल मला झाली नव्हती. डबा खिशात कोंबला आणि मोटरसायकलला किक मारली.

गेलो तर काकूंनी पोरीला मागच्या सीटवर ताठ धरून बसवलेलं, कारण आडवी केली की तिला श्वास घेता येत नव्हता. काकू पदरानं वारा घालत होत्या. प्रज्ञाचे ओठ जांभळट पडले होते. तात्यांची बोटं नट पिळून पिळून रक्ताळली होती. ट्रॉलीवाला कधीच निघून गेला होता आणि त्या वेळी तिकडं दुसरी गाडी येणार नव्हती.

"पुढंच लाव अन् चल," तात्या म्हणाले.

"पुढं न्हाई लावता येत. एक चाक लहान अन् एक मोठं झालं तर गाडी एकीकडं वढंल. घाट हाय पुढं. मागं लावली तर एकवेळ चालंल."

"लाव म्हनतो ना. मरती हाय ती."

"गप बसा तुमी." मी त्यांच्यावर ओरडलो. बापाच्या वयाच्या माणसावर. मागचं मोठं चाक काढलं, पुढं लावलं, स्टेपनी मागं लावली. अठरा मिनिटं लागली. अठरा मिनिटं मला तिचा श्वास ऐकू येत होता आणि तात्या गाडीभोवती नुसते फिरत होते.

गाडी मीच चालवली. आठ वाजून गेले पोचायला. तिथल्या सिस्टरनं तिचं मशीन अडवून धरलं होतं. साडेतीन किलो पाणी काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती.

त्या मापाचं टायर सोनईत मिळेना, म्हणून मंगळवारी मी तात्यांची जुनी चाकं परत बसवली. तात्या हिरमुसले होते. म्हणाले, "आता पुन्ना पोरीला दनके बसनार." मी मान खाली घालून नट आवळत राहिलो.

बुधवारी मी मुद्दाम बरोबर गेलो. काकू कांदे काढायला गेल्या होत्या, मागं प्रज्ञा एकटी. येताना घाट उतरलो, घोडेगाव मागं टाकलं, दुपारी वस्तीच्या रस्त्याला लागलो. गाडी एकदा खाली घासली. तात्यांनी सवयीनं विचारलं, "प्रज्ञा, बरं हाय ना?"

उत्तर नाही. तात्यांनी आरशात बघितलं. तिची मान खिडकीवर कलंडलेली, तोंड उघडं, हात सीटवरून खाली लोंबत होता.

तात्यांनी गाडी होती तिथं थांबवली. दार उघडून धावले. तिला दोन्ही हातांनी धरून हलवायला लागले. "प्रज्ञा. ये बाळा. बाळा, ऊठ गं."

ती दचकून जागी झाली. "काय झालं, आबा? घर आलं?"

तात्यांनी हात मागं घेतले. "झोपली हुतीस?"

"डोळा लागला."

"ह्या रस्त्यावर?"

तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस, त्याला उलगडून सांगायची गरज नव्हती. ते खाली बसले, जुन्या टायरच्या जाड रबरावर हात ठेवला. मग म्हणाले, "पाच म्हयने तुजा डोळा न्हाई लागला गाडीत. पाच म्हयने म्या इचारत हुतो, अन् तू बरं हाय म्हनत हुतीस."

"आबा, तुम्ही इतक्या हौसेनं बसवली होती."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं हुतं?"

त्या वेळी खोटं बोललो असतो तर खपलं असतं. पण जीभ वळली नाही. "व्हय तात्या. बसवतानाच ठावं हुतं."

ते शिवी देतील असं वाटलं. त्यांनी दिली नाही. बांधावर जाऊन बसले आणि गुडघ्यात तोंड घालून रडले, मोठ्यानं, बाईमाणसासारखे. प्रज्ञा उतरून त्यांच्याशेजारी बसली. मी गाडीजवळ उभा. थोड्या वेळानं ते उठले, पोरीला हाताला धरून गाडीत बसवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू चालत ये." गाडी सावकाश निघून गेली.

त्यानंतर तात्या माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. हवा भरायलासुद्धा घोडेगावला जातात. बरोबरच आहे त्यांचं. पण रस्ता तर एकच. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी पावणेसहाला त्यांची गाडी माझ्या दुकानासमोरून जाते. मी साडेपाचपासून बाहेर उभा असतो. तात्या मान वळवत नाहीत. मीही हात करत नाही. मागच्या सीटवर प्रज्ञा दिसली की शटर उघडतो आणि आत जातो.