अकरा सोनेरी भुंगेरे

के. आर. पुरमच्या पुलाखाली बस अडकली होती, तेव्हा फोन आला. हेब्बाळहून, अक्काच्या शेजारीण मंजुळम्मांचा. "अक्का होगबिट्टरु," एवढंच बोलून त्या रडायला लागल्या. अक्का गेली... माझी थोरली बहीण. दीड महिना होत आला, अजून मला तिचा नंबर फोनमधून काढवत नाही.

आम्ही मूळचे निपाणीचे. अक्का आधी बंगळुरूला आली, भुंगेऱ्यांच्या कवचांवर संशोधन करायला. तिच्यामागून मी, महादेवपुऱ्यात गाड्या रंगवायला. दोघांचंही पोट रंगावरच, पण एकमत कधी झालं नाही. मी म्हणायचो, रंग डब्यातून येतो. ती मेलेला हिरवागार भुंगेरा माझ्या तळहातावर ठेवायची. "कुटून बघ. हिरवं काही मिळणार नाही." मी एकदा तिच्याच खलबत्त्यात खरंच कुटला. काळपट भुकटी निघाली, आणि आठवडाभर मला तिच्याकडे चहा मिळाला नाही. तिचं म्हणणं असं, की कवच म्हणजे चटईवर चटई, प्रत्येक किंचित फिरवून अंथरलेली. तडा गेलाच तर त्याला प्रत्येक चटईला वळावं लागतं, वळून वळून तो थकतो. प्रकाशही त्याच थरांवरून परततो, आणि त्यातला हिरवा तेवढा आपल्यापर्यंत येतो. "बळकटी आणि रंग एकाच विणीतले, सुध्या," ती म्हणायची. मी समजल्यासारखी मान हलवायचो.

गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती, तेव्हा तिच्या नमुन्यांच्या पेट्या माझ्याकडे होत्या. एका पेटीत रताळ्याच्या वेलावरचे, कासवासारख्या पाठीचे छोटे भुंगेरे टाचण्यांवर लावलेले होते. तिच्या गच्चीवर मी ते जिवंत पाहिले होते, अगदी सोन्याच्या टिकल्या. पेटी उघडली तर अकराच्या अकरा मातकट! माझ्याच हलगर्जीपणानं खराब झाले, असंच मला वाटलं. मग माझ्यातला पेंटर जागा झाला. गॅरेजमधला मेटॅलिक सोनेरी रंग आणि सगळ्यात बारीक ब्रश घेऊन मी अख्खा रविवार बसलो. काम इतकं झकास झालं की मोठ्या ऐटीत पेटी दवाखान्यात नेली.

अक्कानं चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिली.

"हे तू केलंस?"

"हो. कसे दिसतात?"

"छान..." मग हळूच म्हणाली, "अरे, हे मेले की सोनं जातंच. त्यांच्या थरांत ओल असते, ती आहे तोवर चमकतात. ह्यांना परत ओल देऊन बघणार होते मी. स्वल्प तरी सोनं येतं का, ते."

माझ्या रंगाखाली आता पाणी शिरणार नव्हतं. गिऱ्हाइकांना मी त्याचीच तर हमी देतो. मी माफी मागितली. "सरी, असू दे, सोड," म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

ती घरी आली. मी दर रविवारी जायचो, चहा व्हायचा, निपाणीच्या गप्पा व्हायच्या. पेटीचा विषय दोघांनीही काढला नाही. रागावली आहेस का, एवढंच मला विचारायचं होतं. आज विचारू, पुढच्या रविवारी विचारू, करत राहून गेलं. ह्याची टोचणी अजून जात नाही.

दिवसकार्य झाल्यावर तिची खोली आवरायला घेतली. ते भुंगेरे तिनं फेकून दिले असतील, अशी माझी खात्रीच होती. पण पेटी कपाटात होती आणि अकराही जागच्या जागी. प्रत्येक टाचणीला कागदाची चिमुकली चिठ्ठी असते, किडा कुठे आणि कधी सापडला ते सांगणारी. किड्याचं काहीही झालं तरी त्याची नोंद करायची, हा अक्कासारख्या संशोधकांचा नियम. त्या चिठ्ठीखाली आता दुसरी, नवी चिठ्ठी होती. अक्षर अक्काचं, पण थरथरलेलं. "सोनेरी रंग मृत्यूनंतर दिलेला. देणारा : माझा धाकटा भाऊ सुधीर."

मी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. पेटीवर एकदा लिहून भागलं असतं. तिनं तसल्या हातानं ते अकरा वेळा लिहिलं होतं. मी तिथेच फरशीवर बसलो आणि मोठ्यानं रडलो.